ग्रँड आयलंडची बोट-सहल: तारीख तिथी बघून ठरवा

गोव्यात ‘ग्रँड आयलंड ट्रिप’ म्हणून जी सहल विकली जाते ती सगळीकडे जवळपास एकच. सकाळी आठ-साडेआठला बोट, वाटेत डॉल्फिन, बेटाच्या आडोशाला नांगर टाकून स्नॉर्कलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं), गळाने मासे धरायची हौस, जेवण, आणि दुपारी परत. विकणारे शंभर, समुद्र एकच. त्यामुळे कोणाकडून घ्यायची यावर डोकं खपवण्याऐवजी कधी जायचं आणि कुठून बसायचं ते आधी ठरवा.

बेट मुरगावच्या नैर्ऋत्येला आहे आणि मांडवी-जुवारी या दोन्ही नद्यांचा गाळ याच पट्ट्यात येतो. लक्षद्वीपचे फोटो डोक्यात असतील तर ते काढून टाका. इथे चांगल्या दिवशी पाच-सहा मीटरपर्यंत दिसतं. वाईट दिवशी हात लांब केला की स्वतःचीच बोटं धूसर. जून ते सप्टेंबर बोटी बंद, ऑक्टोबरात पावसाचं गढूळपण उरलेलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. त्यातही अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाण्याला ओढ असते आणि तळाची माती वर येते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, भरती-ओहोटीचा फरक कमी, गाळ खाली बसलेला. बुकिंग घेणारा हे सांगणार नाही, त्याला रोज बोट भरायची असते. दिनदर्शिका तुम्हीच बघा. मधल्या वारी अष्टमी-नवमी मिळाली तर सोन्याहून पिवळं.

उत्तर गोव्यातल्या कोको बीचवरून निघणारी बोट दोन्ही नद्यांची मुखं ओलांडते. तासाहून जास्त हेलकावे. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे. वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरून अंतर बरंच कमी पडतं. लहान मुलं, आजी-आजोबा बरोबर असतील तर तिथूनच जा. परत येताना वायव्येचा वारा उठलेला असतो, तेव्हा मागच्या बाजूला बसा. पुढे बसलेला प्रत्येक लाटेला आपटतो.

डॉल्फिन हा या सहलीतला सगळ्यात भरवशाचा भाग, पण उड्यांची अपेक्षा नको. इथला कुबडवाला डॉल्फिन राखाडी, पाठीवर लांबट उंचवटा आणि त्यावर छोटासा पर. आधी ‘फुस्स’ आवाज येतो, मग पाठ संथपणे गोल फिरून पाण्यात जाते. पुन्हा वर यायला मिनिट, कधी त्याहून जास्त. चांगला तांडेल (बोट चालवणारा) लांबच इंजिन मंद करतो आणि वाट बघतो. चार बोटी एकाच कळपामागे लागल्या की ते खाली जास्त वेळ राहतात आणि भलतीकडेच निघतात. म्हणजे पाठलाग करून दिसतं ते कमीच. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत हे, त्यामुळे ‘जवळ घ्या’ म्हणून तांडेलाच्या मागे लागू नका. बेटाजवळ मान वर करा: ब्राह्मणी घार दिसतेच, नशीब असेल तर पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुडही.

स्नॉर्कलिंगला पाण्यात बहुतेकदा दहा-पंधरा मिनिटं मिळतात आणि त्यातली निम्मी मास्कशी झटापट करण्यात जातात. म्हणून मास्क बोटीवरच तपासा. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा, नाकाने श्वास आत ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर बरोबर, पडला तर दुसरा मागा. केस रबराखाली गेले की पाणी शिरतं. मिशी असेल तर थोडं शिरणारच, नाकाखाली व्हॅसलीन लावा. गळतो म्हणून पट्टा आणखी आवळला की रबर दुमडतं आणि गळती वाढते. धुकं येऊ नये म्हणून काचेला आतून थुंकी चोळून समुद्राच्या पाण्याने एकदा खळबळा. किळस वाटली तर बेबी शाम्पूचा थेंब. सनस्क्रीन कपाळाला नको, मास्कमध्ये उतरून डोळे झोंबतात. पाठ भाजते, जेलीफिशही असू शकतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचा लायक्रा शर्ट उत्तम. नळीचं तोंडात धरायचं रबर स्वतःचं नेलंत तर फारच छान. भाड्याचं नुसतं समुद्रात बुडवून पुढच्याला देतात.

खडकाच्या कडेला तरंगत राहा, पाय खाली टेकू नका, सागरी साळूचे (सी अर्चिनचे) काटे आत मोडतात. पिवळसर अंगावर काळे पट्टे असलेले सार्जंट मेजर मासे थव्याने येतात. पोपट मासा दिसला तर क्षणभर हालचाल थांबवा: खडक खरवडण्याचा करकर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. एवढ्यासाठी तरी पैसे वसूल.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा: बोटीला चढायला शिडी आहे का, लाइफ जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा आहे का (नसेल तर ते कानापर्यंत वर सरकतं), आणि पाण्यात बरोबर कोण उतरणार. बेटावर पाय लागेलच असं नाही, तेही विचारून घ्या. जेवण ठीक, बिअर फुकट असते. ती पाण्यातून वर आल्यावरच.

त्याच बोटीवर ‘स्कूबा’ची, म्हणजे हवेची टाकी घेऊन खोल बुडी मारण्याचीही गळ घालतात. सर्दी असेल तर नको, कानातला दाब सुटत नाही. आणि एका डाइव्हनंतर किमान 12 तास विमान टाळायचं असतं, त्यामुळे रात्रीच्या दाबोळी-मोपाच्या फ्लाइटवाल्यांनी फक्त स्नॉर्कलिंगच घ्यावं.