फोन रिसेट करून दिला, १३,५०० रुपये आलेच नाहीत

जुना फोन विकण्याआधी काय करायचं हे आता सगळ्यांना पाठ आहे. बॅकअप घ्या, सिम आणि मेमरी कार्ड काढा, बँकेची ॲप्स उडवा, गुगल अकाउंट काढा, फॅक्टरी रिसेट करा. मी हे सगळं केलं, एकही पायरी गाळली नाही. आणि नेमकं त्यामुळेच गिऱ्हाईक म्हणून आलेल्या माणसाला माझा फोन काहीही न अडता वापरता आला. ठरले होते १३,५०० रुपये. मिळाला एक रुपया, तोही आदल्या संध्याकाळी.

सांगायची लाज वाटते. घरीसुद्धा सुरुवातीला अर्धंच सांगितलं. पण मी गप्प बसले तर तो अजून कुणाला तरी 'ताई' म्हणून भेटणार, म्हणून लिहिते आहे.

फोन २०२३ मध्ये २७,९९९ रुपयांना घेतला होता. स्क्रीनवर ओरखडा नाही, बिल आहे, खोका आहे. दुकानात एक्स्चेंजला विचारलं तर ८,२०० म्हणाले. घरी येऊन फोन नेणाऱ्या एका कंपनीच्या ॲपने ९,४०० दाखवले, आणि प्रत्यक्षात आलेला मुलगा बॅटरी, कॅमेऱ्याची काच, चार्जिंगचं पोर्ट असं एकेक करत ६,९०० वर उतरला. त्याला परत पाठवलं आणि १४,५०० ची जाहिरात स्वतः टाकली. यात हाव कुठे आहे? माझ्याच वस्तूची रास्त किंमत मागत होते.

जाहिरातीवर पहिले फोन आले ते ठरलेलेच. लष्करात आहे, बदली झाली आहे, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मला माहीत आहे. त्यांना तिथल्या तिथे ब्लॉक केलं. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर प्रत्येकाने मला 'अहो, क्यूआर स्कॅन केला असेल' हेच ऐकवलं. नाही केला.

हा माणूस वेगळा होता. स्वच्छ मराठी, घाई नाही. बिल मूळ आहे का, स्क्रीनवर हिरवी रेघ आली होती का, बॅटरी दिवसभर टिकते का, असे खऱ्या गिऱ्हाइकाचे प्रश्न. घासाघीस करून १३,५०० वर आला. फसवायचंच आहे तो हजार रुपयांसाठी कशाला वाद घालेल, असंच कुणालाही वाटेल. "ताई, मी कुठलाही क्यूआर पाठवणार नाही, ॲडव्हान्स नाही, समोरासमोर भेटू, फोन बघतो आणि तिथेच पैसे टाकतो," हे त्यानेच म्हटलं. आदल्या संध्याकाळी एक रुपया टाकला. "नाव बरोबर येतंय का बघतो, उद्या भलत्याच्या खात्यात जायला नको." रुपया आला, मी जुन्या फोनवर तो बघितला.

त्या एका रुपयाने त्याला माझं बँकेतलं पूर्ण नाव मिळालं. दुसऱ्या दिवशी त्याने जी हिरवी टिकमार्कवाली स्क्रीन दाखवली, तिच्यावर ते नाव अक्षरन् अक्षर बरोबर होतं, ते यामुळे.

आणि आदल्या संध्याकाळच्या त्याच कॉलवर, बोलता बोलता, त्याने विचारलं, "नवीन फोन चालू झाला का ताई? बँकेचं ॲप टाकलं का त्यावर?" मी म्हटलं, नाही हो, उद्या सकाळी सिम घालणार, मग बघू. तो म्हणाला, "सावकाश करा, घाई नको. जुना मात्र घरूनच रिसेट करून आणा, स्टेशनवर नेट चालत नाही, उगाच खोळंबा होतो."

हे वाक्य मी रात्री अंथरुणात आठवते आणि अंगाचा तिळपापड होतो. मला ती आपुलकी वाटली. तो खात्री करून घेत होता की उद्या भेटीच्या वेळी मला माझ्या खात्यातली शिल्लक बघता येणार नाही. बँकेचं आणि यूपीआयचं ॲप हँडसेट आणि सिम या दोघांना मिळून बांधलेलं असतं. जुन्या फोनवरून काढलं, नव्यावर अजून नोंदणी नाही, अशी काही तासांची पोकळी प्रत्येक फोन बदलणाऱ्याच्या वाट्याला येते, आणि तो बरोब्बर त्या पोकळीत आला. विकणाऱ्याला नवीन फोनची चौकशी करणारा गिऱ्हाईक दिसला की तिथेच थांबा. त्याला तुमच्या नव्या फोनशी काय देणंघेणं?

भेट ठरली मध्य रेल्वेच्या एका स्टेशनबाहेरच्या स्कायवॉकवर, संध्याकाळच्या गर्दीत. त्याने फोन फिरवून बघितला, सेटअपची पहिली स्क्रीन बघितली, वायफाय लावून पुढे जाऊन जुनं अकाउंट मागत नाही ना हे तपासलं. खोका, बिल, चार्जर घेतला. माझ्या आधारची झेरॉक्सही घेतली, "सेकंडहँड घेताना ठेवावी लागते" म्हणून. मग माझ्यासमोर मोबाईलवर काहीतरी केलं, हिरवी स्क्रीन दाखवली, आणि माझ्या नव्या फोनवर मेसेज वाजला. १३,५०० जमा.

मेसेज दहा आकडी मोबाईल नंबरावरून आला होता. बँकेचा मेसेज कधीच दहा आकडी नंबरावरून येत नाही, नंबराच्या जागी इंग्रजी अक्षरं असलेल्या हेडरवरून येतो. खात्याचे शेवटचे आकडे नव्हते, उरलेली शिल्लक नव्हती. हे सगळं मला घरी आल्यावर दिसलं. तिथे, धक्के खात, एका हातात पिशवी, मला फक्त आकडा दिसला, आणि तो बरोबर होता. बँकेचं ॲप नव्या फोनवर उघडून बघितलं, नोंदणी पूर्ण होत नव्हती. तो म्हणाला, "मेसेज आलाय ना ताई, मग झालं." आणि गेला. रात्री एटीएमवर शिल्लक बघितली. पैसे नव्हते. त्याचा नंबर बंद, जाहिरातीच्या ॲपवरचं त्याचं खातं गायब.

आता गुगल अकाउंटबद्दल, कारण इथेच सगळे चुकीचा क्रम सांगतात. २०१५ पासून, अँड्रॉइड ५.१ मध्ये, चोरीच्या फोनसाठी एक कुलूप आलं. अकाउंट न काढता कुणी बटणं दाबून रिसेट केलं, तर फोन जुन्याच अकाउंटचा पासवर्ड मागतो, नाहीतर पुढे जात नाही. आयफोनमध्ये तसंच कुलूप २०१३ पासून आहे. तुम्ही स्वतः अकाउंट काढून दिलंत की ते कुलूप गेलं. दुरून लॉक करता येत नाही, कुठे आहे ते बघता येत नाही. म्हणून डेटाचा बॅकअप, फोटो, बँकेची ॲप्स हे घरी आवरा, पण अकाउंट काढणं आणि रिसेट हे गिऱ्हाइकासमोर, पैसे खात्यात दिसल्यानंतरच. दहा मिनिटं लागतात. ज्याला तेवढा वेळ नाही त्याला फोन विकू नका.

पोलिसांकडे गेले तर पहिला प्रश्न, "तुम्ही स्वतःच्या हाताने दिलात ना? मग चोरी कशी?" मी चोरी म्हटलंच नव्हतं, फसवणूक म्हणत होते. मग, "हा तुमचा आपसातला व्यवहार आहे, दिवाणी आहे." मग, स्कायवॉक म्हणजे रेल्वेची हद्द, लोहमार्ग पोलिसांकडे जा. लोहमार्गवाले म्हणाले, स्कायवॉक स्टेशनच्या बाहेर, आमचा नाही. दोन्हीकडे उन्हातान्हात बाकावर बसवून ठेवलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवून एखाद्याला मालमत्ता हवाली करायला लावणं हाच गुन्हा लिहिला आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. 'हाताने दिलात' हे माझ्याविरुद्धचं उत्तर नाही, तोच गुन्हा आहे! आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुणाचीही असो, तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. हे मी मोबाईलवर उघडून दाखवलं. समोरच्याने वाचलंसुद्धा नाही. "मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका."

सायबरवाल्यांकडे पाठवलं. तिथे विचारलं, "खात्यातून किती गेले?" काहीच गेले नाहीत. "मग सायबर फसवणूक कसली?" सगळी यंत्रणा खात्यातून गेलेले पैसे अडवण्यासाठी उभी आहे. तुमचे पैसे कापले गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब फोन करा, तासभरही थांबू नका, त्याचा उपयोग होतो. पण ज्याला पैसे मिळालेच नाहीत त्याच्याकडे द्यायला व्यवहार क्रमांकच नसतो. माझ्याकडे होता तो एका रुपयाचा. तो धरून पाठवणाऱ्याचं खातं शोधता येतं, एवढं मी बँकेत जाऊन सांगितलं. शाखेत उत्तर मिळालं, तुमच्या खात्यात तर जमा झालंय, तक्रार कसली घेऊ? पाठवणाऱ्याची माहिती पोलिसांचं पत्र आलं तरच. आणि पोलीस पत्र देणार तक्रार नोंदवल्यावर. तुमचाही असा 'नाव तपासायचा' रुपया आला असेल तर त्याचा व्यवहार क्रमांक लगेच लिहून ठेवा, तोच एकमेव धागा आहे.

खोका त्याच्याकडे गेल्यामुळे आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांकसुद्धा हातात नव्हता. ज्या दुकानातून फोन घेतला त्या दादांनी जुन्या बिलाची प्रत काढून दिली, त्यावर होता. विकण्याआधी स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून दोन्ही आयएमईआय नंबर वहीत लिहा, बिलाचा फोटो ठेवा. आधारची प्रत द्यावीच लागली तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या, त्यावर आडवं लिहा की कशासाठी आणि कुठल्या तारखेला दिलं. मी साधी झेरॉक्स दिली, ती आता कुठे फिरत असेल याची धास्ती आहे. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाकलं.

नवीन फोन आधी पूर्ण लावा. सिम घाला, बँकेचं ॲप नोंदवा, शिल्लक एकदा बघा, मगच जुन्याला हात लावा. मेसेज, स्क्रीनशॉट, समोरच्याची हिरवी टिक, यातलं काहीही पैसे नव्हे. रोख मागा, शक्य असेल तर बँकेच्या शाखेतच भेटा.

शेवटी ठाण्यातल्या एकाने मला 'सोपा मार्ग' सुचवला. फोन गहाळ झाला असं लिहून द्या, दाखला घ्या, संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या, फोन ब्लॉक करायच्या सीईआयआर सोयीत तो जोडा, फोन ब्लॉक होईल. हरवलेल्या-चोरीच्या फोनसाठी ती सोय आहे आणि चांगली आहे. पण माझा फोन गहाळ झालेला नाही. उद्या तो माणूस सापडला तर त्याचा वकील माझाच कागद दाखवेल, यांनीच लिहिलंय हरवला म्हणून, माझ्या अशिलाला सापडला. मी नकार दिला. तेव्हापासून माझ्याकडे फक्त पोहोच शिक्का मारलेला एक अर्ज आहे, एफआयआर नाही.

आता सगळी हकीकत, दुकानाच्या बिलाची प्रत, त्या मेसेजचा आणि एका रुपयाच्या नोंदीचा फोटो असं जोडून पोलीस आयुक्तांना टपालाने पाठवलं आहे. ठाण्यात नोंद घेतली नाही तर कलम १७३ मध्येच वरिष्ठांकडे टपालाने जायची वाट आहे, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. तुमचा फोन असाच गेला असेल तर अर्जात 'गहाळ' हा शब्द कुणालाही लिहू देऊ नका. 'फसवणूक' लिहा, कलम लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.