साडेतीनशेची ब्लूटूथ डबी: नऊ महिन्यांनंतर

फोनमधली गाणी गाडीच्या स्टिरिओवर वाजवणारी ही डबी. पहिल्या महिन्यात विचारलं असतंत तर तिला पाचपैकी पाच दिले असते. आज तीन. डबीतली बॅटरी मेली आणि तिच्यासोबत गाडीतली शांतताही गेली.

गाडी २०११ ची सात-सीटर डिझेल. मूळच्या स्टिरिओला ऑक्स (बाहेरून आवाज आत घेणारं पिनचं भोक) आहे, यूएसबी आहे, ब्लूटूथसुद्धा आहे, पण ते फक्त कॉलपुरतं. गाणं लावलं की ते फोनमधूनच वाजतं. सेटिंग शोधत बसू नका. ब्लूटूथमध्ये प्रत्येक कामाची वेगळी पद्धत, म्हणजे प्रोफाइल, असते: कॉलचं एचएफपी, गाण्यांचं एटूडीपी. दुसरं स्टिरिओत नसेल तर फोन कितीही महागाचा असो, उपयोग शून्य. म्हणून ऑक्समध्ये लावायचा हा रिसीव्हर.

बॅटरीवर चालत होता तोवर आवाज स्वच्छ. उन्हात तापणाऱ्या डॅशबोर्डवर एवढीशी लिथियम बॅटरी किती टिकणार! आता तो कायम चार्जरला लावावा लागतो, आणि लावला की कुंईऽऽऽ. ॲक्सिलरेटर दाबला की सूर चढतो, पाय काढला की उतरतो. इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बिघडला समजून तो उतरवायला निघू नका. इंजिन चालू ठेवून फक्त चार्जिंगची वायर काढा. आवाज थांबला तर ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगचा गुंता. ऑक्सची पिनही काढून आवाज राहिलाच, तर स्टिरिओच्या मागची काळी वायर, म्हणजे अर्थिंग, तपासा.

होतं असं की डबीला अर्थिंग दोन वाटांनी मिळतं, लायटरच्या सॉकेटमधून आणि ऑक्सच्या वायरीतून. दोन्हींच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक असतो, तो ऑक्समधून वाहतो आणि ॲम्प्लिफायर इमानदारीत मोठा करून ऐकवतो. पॉवरबँकवर लावलं तर कुंई गायब, पण डबी इतका कमी करंट खाते की पॉवरबँक काही वेळानं आपणहून बंद पडते. शेवटी मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाकला. आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज पलीकडे जातो, अर्थिंग तुटतं. कुंई संपली. त्याची किंमत बेसला: फोनचा आवाज पूर्ण ठेवला की तबल्याचा डग्गा फाटतो. फोन ७०-७५ टक्क्यांवर आणि उरलेलं स्टिरिओवर, हे जमतं.

गाण्यातला गायकच गायब झाला आणि मागचं संगीत पोकळ ऐकू येऊ लागलं, तर पिन अर्धवट बसली आहे. अर्थिंगचा संपर्क तुटला की डाव्या-उजव्यातला फक्त फरक वाजतो, आणि गायक तर दोन्हीकडे सारखाच असतो. टक् वाजेपर्यंत दाबा.

गाण्यांच्या पेन ड्राइव्हला मी आधी नावं ठेवायचो. ती मागे घेतो. घाटात नेटवर्क जातं तेव्हा तोच कामाला येतो. १६ किंवा ३२ जीबीचा घ्या, एफएटी३२ फॉरमॅट करा, गाणी एमपी३. एक्सफॅट किंवा एनटीएफएस केलेला जुने स्टिरिओ बहुतेक ओळखतच नाहीत. गाण्यांचा क्रम उलटसुलट लागतो कारण बरेच स्टिरिओ नावाप्रमाणे नाही, कॉपी झालेल्या क्रमानं वाजवतात. म्हणून एकेक फोल्डर ओळीनं कॉपी करा.

फोनमधलं गाणं गाडीच्या रेडिओवर पाठवणारा एफएम ट्रान्समीटर? पुण्यात मोकळी सापडलेली फ्रिक्वेन्सी मुंबईत पोचेपर्यंत कुणीतरी बळकावलेली असते. पैसे वाचवा.

राहिला जुना स्टिरिओ काढून त्याजागी बसवायचा अँड्रॉइड स्क्रीन. दुकानात अठरा हजार सांगितले, वर ‘५० वॉट गुणिले ४’ हे कौतुक. तो पीक, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा आकडा. असले सेट खरे चॅनेलमागे वीसेक वॉट देतात, जुना स्टिरिओही जवळपास तेवढेच. घ्यायचाच असेल तर मूळ वायरिंग कापू देऊ नका, आपल्या मॉडेलचं कपलर, म्हणजे मूळ सॉकेटात बसणारा जोड, मागा. पिवळ्या वायरीत कायम १२ व्होल्ट, लालमध्ये किल्ली फिरवली की. दोन्ही एकत्र पिवळीच्या जागी जोडल्या तर स्टिरिओ किल्ली काढूनही जागा राहतो, लालच्या जागी जोडल्या तर घड्याळ आणि स्टेशनं रोज पुसली जातात. बसवून झाल्यावर गाडी बंद करून अर्धा तास थांबा, बॅटरीच्या निगेटिव्हला मल्टिमीटर सिरीजमध्ये (वायर काढून मध्ये) लावा, बंद गाडी किती करंट खाते ते कळेल. ५० मिलिअँपिअरच्या वर दिसलं तर बिल देऊ नका.