मुंबई बंदरातील सेलिंग क्लबचे सदस्यत्व: पूर्ण हंगामाच्या वापरानंतरचा अनुभव

कुलाब्याच्या पूर्व किनाऱ्यावरील एका सेलिंग क्लबचे कौटुंबिक सदस्यत्व आम्ही गेल्या ऑक्टोबरात घेतले. मे महिन्याच्या अखेरीस होड्या पाण्याबाहेर काढून ताडपत्रीखाली ठेवल्या गेल्या, तेव्हा आमचा एक संपूर्ण हंगाम झाला होता. आमच्या घरात यापूर्वी कोणी शिडाची होडी हाताळलेली नव्हती. मी, माझे पती आणि शाळकरी मुलगी असे तिघेही तेथे अगदी नवशिके म्हणून दाखल झालो. सदस्यत्वाचा विचार करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. मुख्य मत आधीच सांगते: होड्या, प्रशिक्षण आणि बसायची जागा या गोष्टी चांगल्या आहेत, परंतु या क्लबचे खरे मोल तेथे सर्वांनी मिळून करायच्या कामांत आहे. ती कामे ज्यांना नको असतील, त्यांनी तासाच्या भाड्याने होडी मिळते तेथे जावे. त्यांचे पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतील.

मुंबईत हा खेळ बारमाही नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. पावसाळ्यात बंदरातील समुद्र लहान होड्यांसाठी बंद असतो, त्यामुळे हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे एवढाच मिळतो. त्यातही ऑक्टोबरात वारा पडलेला असतो आणि शिकाऊ माणसाला शीड हातात धरून नुसते बसून राहावे लागते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी मतलई वारा आणि दुपारनंतर खारा वारा अशी पाळी बसते. मार्चपासून पुढे दुपारचा वायव्येचा वारा इतका भरवशाचा आणि जोरदार होतो की खरे शिक्षण त्याच तीन महिन्यांत होते. कुलाब्याची जमीन बंदराच्या पश्चिमेला असल्याने हा वारा किनाऱ्यावरील इमारतींवरून पाण्यावर उतरतो. म्हणून किनाऱ्यालगत तो तुटक आणि फसवा असतो, तर थोडे बाहेर गेल्यावर सलग मिळतो. याच कारणाने निघताना वारा पाठीशी असतो आणि होडी झपाट्याने उरणच्या दिशेने जाते, परतताना मात्र वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी मार्ग काढत यावे लागते. क्लबचा पहिला नियम यातूनच आला आहे: निघण्याची वेळ सदस्याने ठरवावी, परतण्याची वेळ मात्र त्या दिवशीच्या ड्यूटी ऑफिसरने ठरवावी.

वाऱ्याइतकाच हुकूम भरतीचा असतो. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत साधारण साडेतीन ते साडेचार मीटर फरक पडतो. त्यामुळे ज्या उतारावरून दुपारी होडी सहज पाण्यात सोडली, त्याच्या पायथ्याशी संध्याकाळी गुडघाभर चिखल असतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा कोकणातील जुना हिशेब येथे रोजच्या वापरात आहे. चतुर्थीला ३ वाजता आणि अष्टमीला ६ वाजता पाणी भरते. पौर्णिमा-अमावास्येला ते दुपारी बाराच्या सुमारास भरते आणि संध्याकाळी सहाला तळ दिसतो. अर्थात अष्टमीच्या आसपासच्या दुपारी नवशिक्यांना सर्वांत सोयीच्या, कारण तेव्हा प्रवाह सौम्य असतो आणि चढत्या पाण्याबरोबर घरी परतता येते. उधाणाच्या दुपारी ओहोटी बंदराच्या तोंडाकडे ओढत असते आणि वाराही विरुद्ध असतो, म्हणून त्या दिवशी नव्या सदस्यांना एकट्याने सोडले जात नाही. क्लबच्या फलकावर भरतीची छापील सारणी लावलेली असते, पण तिच्याकडे पाहण्याआधी बहुतेकांची नजर दिनदर्शिकेतील तिथीकडे जाते, ही गोष्ट मला फार आवडली.

होड्यांविषयी थोडक्यात. मुलांसाठी ऑप्टिमिस्ट आहेत: २.३ मीटर लांबीची, ३५ किलो वजनाची चौकोनी नाळेची होडी, जी १९४७ मध्ये अमेरिकेत क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी आखली आणि जी आजही जगभर शिकवण्यासाठी वापरली जाते. मोठ्यांसाठी एकट्याने चालवायच्या लेझर आहेत आणि दोघांनी चालवायच्या काही जुन्या होड्या आहेत. लेझरची सोय अशी की होडीचा मूळ सांगाडा (हल) तोच ठेवून शीड आणि डोलकाठीचा खालचा भाग बदलता येतो. मोठे शीड ७.०६ चौरस मीटरचे आणि सर्वांत लहान ४.७ चौरस मीटरचे. माझ्यासारख्या हलक्या वजनाच्या व्यक्तीने वारा वाढल्यावर मोठ्या शिडाचा हट्ट धरू नये, हे प्रशिक्षक पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगतात. क्लबच्या होड्या जुन्या असल्या तरी दोर, कप्पी आणि सुकाणूच्या खिट्ट्या वेळच्या वेळी बदललेल्या आढळल्या. शिडे मात्र ताणून सैल झालेली आहेत आणि रविवारी होडीसाठी ताटकळावे लागते. शनिवारी सकाळी येणाऱ्यांना ही अडचण येत नाही.

प्रशिक्षणाची सुरुवात होडी उलटवण्यापासून होते आणि हा क्रम योग्य आहे. लाइफ जॅकेट घालून, रेस्क्यू बोट शेजारी उभी असताना, प्रत्येकाला आपली होडी मुद्दाम आडवी पाडून डॅगरबोर्डवर, म्हणजे तळातून खाली जाणाऱ्या फळीवर, चढून ती पुन्हा उभी करावी लागते. बंदराच्या पाण्यात पडण्याची किळस आणि भीती या दोन्ही गोष्टी तेथेच संपतात. त्यानंतर येणारे वळण्याचे, शीड ओढण्याचे आणि सोडण्याचे धडे कोणत्याही क्लबात मिळतील, म्हणून त्यांवर अधिक लिहीत नाही.

आता त्या सामायिक कामांविषयी. प्रत्येक प्रौढ सदस्याला हंगामात ठरावीक पाळ्या कराव्या लागतात: उतारावर होड्या चढवणे-उतरवणे, रेस्क्यू बोटीवर दुसरा माणूस म्हणून बसणे, शर्यतीच्या दिवशी कमिटी बोटीवर, म्हणजे शर्यत जिथून चालवली जाते त्या बोटीवर, झेंडे आणि नोंदी सांभाळणे, आणि दिवसअखेर गोड्या पाण्याने होड्या धुणे. पैसे भरून पाळी टाळण्याची सोय ठेवलेली नाही आणि ती कधीही ठेवली जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. कारण खेळ कळतो तो या पाळ्यांतून. कमिटी बोटीवर बसल्याशिवाय शर्यतीच्या सुरुवातीचे गणित समजत नाही. ५ मिनिटे आधी वर्गाचा, म्हणजे होडीच्या प्रकाराचा, झेंडा चढतो, ४ मिनिटे आधी पूर्वतयारीचा झेंडा चढतो, १ मिनिट उरले असता तो उतरतो आणि शून्यावर वर्गाचा झेंडा उतरतो. या पाच मिनिटांत पंधरा-वीस होड्या एका अदृश्य रेषेमागे कशा घुटमळतात, कोण वेळेच्या आधी पोहोचून अडकतो आणि कोण वाऱ्याची योग्य बाजू राखून ठेवतो, हे वरून पाहिले की स्वतः होडीत असताना निम्मा गोंधळ कमी होतो. त्याचप्रमाणे रेस्क्यू बोटीवरची एक दुपार घालवल्यावर माणूस स्वतःहून जास्त दूर जाण्याचे सोडतो, कारण थकलेल्या माणसाला पाण्यातून वर ओढायला किती जोर लागतो हे त्याला हातांनी कळलेले असते.

या खेळाची रचनाच अशी आहे की त्यात परस्परांवरील विश्वासाशिवाय भागत नाही. पाण्यावर शिट्टी घेऊन धावणारा पंच बहुतेक शर्यतींत नसतो. उजव्या बाजूने वारा घेणाऱ्या होडीला डाव्या बाजूने वारा घेणाऱ्या होडीने वाट द्यायची, ही मूलभूत गोष्ट प्रत्येकाने स्वतः पाळायची असते आणि चूक झालीच तर आपण होऊन दोन पूर्ण गिरक्या घेऊन तिची भरपाई करायची असते. वाद उरलाच, तर संध्याकाळी तीन अनुभवी सदस्यांसमोर दोन्ही बाजू मांडल्या जातात आणि टेबलावर छोट्या प्रतिकृती सरकवत प्रसंग पुन्हा उभा केला जातो. शर्यतीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतील पहिलाच नियम सुरक्षिततेचा आहे: संकटात असलेल्या माणसाला किंवा नौकेला शक्य ती सर्व मदत करणे प्रत्येक होडीवर बंधनकारक आहे. फेब्रुवारीतील एका शर्यतीत आघाडीवर असलेल्या एका सदस्याने, बूम (शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी) लागून पडलेल्या नवख्या मुलासाठी आपली होडी वळवली. त्याने गमावलेल्या वेळेची भरपाई नियमानुसार निकालात करण्यात आली आणि त्या निर्णयाला कोणीही आक्षेप घेतला नाही. क्लबाची पारख करायची झाल्यास अशा प्रसंगांवरून करावी.

ज्यांच्यामुळे हे सर्व चालते त्या बोटमन मंडळींविषयी लिहिल्याशिवाय हा अभिप्राय अपुरा राहील. यांतील बहुतेक जण कोळीवाड्यांतले किंवा बंदरापलीकडच्या उरण-रेवस बाजूच्या गावांतले आहेत. डोल जाळी कोठे लावलेली असतात, कोणत्या खडकावर किती पाणी चढल्यावर होडी सुरक्षित जाते, मांडव्याच्या बोटी गेल्यानंतर त्यांची लाट किती वेळाने येऊन धडकते, हे ज्ञान छापील नकाशावर मिळत नाही. ते या मंडळींकडे आहे आणि विचारले तर ते मोकळेपणाने देतात. वाऱ्यात बदल होण्याआधी पाण्याचा रंग कसा गडद होत येतो, हे मला एका ज्येष्ठ बोटमनकाकांनी धक्क्यावर उभे राहून दाखवले आणि माझ्या दृष्टीने तो हंगामातील सर्वांत महत्त्वाचा धडा होता. असे असूनही या मंडळींना प्रशिक्षकाचा दर्जा नाही, वार्षिक भोजनात त्यांचे स्थान वाढप्यांच्या बाजूला असते आणि त्यांच्या मुलांना क्लबच्या ऑप्टिमिस्टमध्ये बसण्याची वाट नाही. हैदराबादच्या यॉट क्लबने साध्या परिस्थितीतील मुलांना हुसेन सागरावर शिकवून राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत नेले आहे. समुद्राशी पिढ्यान्पिढ्यांचे नाते असलेल्या मुंबईत हे होऊ नये याचे मला मनापासून दुःख वाटते. या विषयावर आम्ही काही सदस्यांनी समितीकडे लेखी मागणी दिली आहे.

मुलांसाठीची व्यवस्था ही या क्लबची सर्वांत उजवी बाजू आहे. माझी मुलगी पहिल्या महिन्यात होडीतील पाणी उपसण्याच्या बादलीला घट्ट धरून बसत असे. जानेवारीत ती एकटी त्रिकोणी मार्ग पुरा करू लागली. मुलांना आपली होडी स्वतः जोडावी लागते, गाठी स्वतः माराव्या लागतात आणि पालकांनी हात लावायचा नाही असा दंडक आहे. काही पालकांना तो जाचक वाटतो, मला तो अत्यंत योग्य वाटला. आशियाई क्रीडा स्पर्धा १९८२ मध्ये दिल्लीत झाल्या, तेव्हा त्यांतील नौकानयनाच्या शर्यती याच मुंबई बंदरात झाल्या होत्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल या दोघांनी चालवायच्या होडीच्या वर्गात सुवर्णपदक मिळवले होते, हे मुलांना ज्या पाण्यावर ती शिकतात त्याच पाण्याकडे बोट दाखवून सांगितले जाते. दिलीप दोंदे यांनी ‘म्हादेई’ या गोव्यात बांधलेल्या नौकेतून २००९-१० मध्ये केलेल्या एकट्याच्या पृथ्वीप्रदक्षिणेची सुरुवात आणि शेवटही मुंबईतच झाला. एका शनिवारी त्या प्रवासाचा मार्ग मोठ्या नकाशावर मांडून त्यावर चर्चा झाली, तेव्हा मुलांचे प्रश्न मोठ्यांपेक्षा अधिक नेमके होते.

सामाजिक जीवन म्हणायचे तर रविवारी दुपारी घरून आणलेले डबे एकत्र खाणे, जुन्या सदस्यांकडून दोराच्या गाठी शिकणे आणि हंगामातून एखाद-दुसरी लांब फेरी. मार्चमधील फेरी मोठ्या होडीतून खांदेरीच्या दिशेने होती. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आरमारातील सरदार मायनाक भंडारींनी इंग्रजांच्या नाकाबंदीत त्या बेटावर तटबंदी उभारली, तेव्हा मराठ्यांच्या लहान, उथळ तळाच्या होड्या रात्री रसद पोहोचवत आणि इंग्रजांची जड जहाजे त्यांना रोखू शकत नसत, हे आपण पुस्तकांत वाचलेले असते. वारा पडल्यावर आमची तळाला जड पाते असलेली होडी त्याच पाण्यात तासभर जागच्या जागी डोलत राहिली, तेव्हा त्यामागचे कारण पूर्णपणे उमगले.

उणिवा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. भरतीच्या रेषेत प्लास्टिक इतके असते की सुकाणूला पिशव्या अडकून होडी थांबते. क्लब महिन्यातून एकदा किनारा साफ करतो, पण ते पुरेसे नाही. महिलांची कपडे बदलण्याची खोली अरुंद आहे आणि तेथे गोड्या पाण्याचा एकच नळ आहे. सूचना, नियम आणि शर्यतीची माहितीपत्रके केवळ इंग्रजीत असतात, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेली मुले आणि बोटमन मंडळी दोघांचीही अडचण होते. नियमांचा मराठी तर्जुमा करण्याचे काम मी आणि आणखी दोघांनी अंगावर घेतले आहे. प्रवेशशुल्क मध्यमवर्गीय कुटुंबाला जड जाते, मात्र एकदा ते भरल्यावर होडीचे तासाचे शुल्क बरेच कमी असते, म्हणून महिन्यातून एखादाच दिवस येऊ शकणाऱ्यांना हा व्यवहार परवडणार नाही. नौदलाची हद्द आणि मोठ्या जहाजांचा मार्ग यांमुळे फिरण्याचे क्षेत्र मर्यादित आहे, त्याची कल्पना आधीच करून घ्यावी.

आम्ही पुढील हंगामासाठी सदस्यत्वाचे नूतनीकरण केले आहे. नव्याने येऊ इच्छिणाऱ्यांनी अर्ज करण्यापूर्वी शर्यतीच्या एखाद्या रविवारी पाहुणे म्हणून यावे आणि शर्यत संपल्यावर लगेच न निघता होड्या धुऊन होईपर्यंत थांबावे. कोण कोणाला हात देते आणि बोटमन मंडळींशी कोण कसे बोलते, हे पाहून निर्णय घ्यावा. शिकण्यासाठी सुरुवात ऑक्टोबरात न करता डिसेंबरात केली तरी चालेल. पाळ्यांची यादी मात्र सप्टेंबरच्या अखेरीस ठरते आणि रेस्क्यू बोटीवरच्या जागा लवकर भरतात, म्हणून नाव त्याआधी नोंदवावे.