गॅलॅक्सी की आपलं लिनक्स मशीन? सिक्वेन्सिंगच्या फाइलींसाठी मी केलेली निवड

फास्टक्यू (सिक्वेन्सिंग यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे, म्हणजे रीड्स, असलेली फाइल) आणि बॅम (ते रीड्स संदर्भ जीनोमवर जुळवून बनलेली फाइल) म्हणजे काय हे ठाऊक आहे, ट्रिमिंग (रीड्सचा खराब भाग कापणं) आणि अलाइनमेंट (ती जुळवणी) एकदा तरी करून पाहिलंय, पण पुढच्या प्रकल्पाच्या फाइली ब्राउझरमधल्या गॅलॅक्सीवर, म्हणजे अशा फाइलींवर कमांड न लिहिता काम करू देणाऱ्या सर्व्हरवर, चढवाव्यात की टेबलाखालच्या लिनक्स मशीनवरच ठेवाव्यात, इथे अडलाय, अशांसाठी हे लिहितोय. मी दोन्हीकडे काही वर्षं काढली आहेत. माझा कल एका बाजूला आहे आणि तो लपणार नाही. पण दुसऱ्या बाजूचं मीठही मी खाल्लंय, म्हणून तिच्यावर अन्याय करणार नाही.

आधी उघड गोष्ट संपवू. वेगाची तुलना मी करत नाही. तुमच्याकडे 64 जीबी रॅमचं मशीन असेल आणि ते फक्त तुमचं असेल, तर ते बहुतेक वेळा जिंकेल. सार्वजनिक गॅलॅक्सीवर तुमचं काम रांगेत लागतं. एका सर्व्हरवर मी संध्याकाळी लावलेलं अलाइनमेंट सकाळी उठून पाहिलं, तर पडद्यावरचा त्या कामाचा डब्बा अजून करड्या रंगाचाच होता. करडा म्हणजे नंबर आलेला नाही, पिवळसर म्हणजे चालू आहे, हिरवा म्हणजे झालं, लाल म्हणजे फसलं. पहिल्या महिन्यात करड्या रंगाचा मला जितका राग आला तितका लालचाही आला नाही. लाल निदान काहीतरी सांगतो तरी.

अपलोडचंही तसंच. 10 एमबीपीएसचा वेग धरला तर 100 जीबी चढवायला साधारण 22 तास लागतात, आणि तेही मधे काही तुटलं नाही तर. आपल्या मशीनवर आरसिंक (फाइली कॉपी करणारी कमांड) लावून झोपी जाता येतं. तुटलं तर ते राहिलं तिथून पुढे नेता येतं. ब्राउझरमधून मोठी फाइल चढवणं हा सुरुवातीला माझ्यासाठी जप-तपाचा प्रकार होता: टॅब मिटायचा नाही, लॅपटॉप झोपू द्यायचा नाही. मात्र यात एक मोठी सूट आहे आणि ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तुमचा डेटा आधीच एसआरए किंवा ईएनए या सार्वजनिक संग्रहांत असेल, तर तो आधी स्वतःकडे उतरवून मग चढवायची गरजच नाही. त्याचा संग्रहातला अ‍ॅक्सेशन क्रमांक द्या, सर्व्हर स्वतः जाऊन घेऊन येतो. दुसऱ्यांच्या जुन्या डेटावर नव्याने काम करणाऱ्यांसाठी हा मुद्दा इथेच निकालात निघतो.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला ती सांगतो. ती गॅलॅक्सीवर घडली नाही, माझ्याच मशीनवर, माझ्याच हातून घडली.

एका लेखाला रिव्ह्यूअरचा साधा प्रश्न आला: ट्रिमिंगला कोणते निकष लावले? मी मसुद्यात ट्रिमोमॅटिक या ट्रिमिंगच्या साधनाचा स्लायडिंग विंडो 4:15 (चार-चार अक्षरांची सरासरी गुणवत्ता 15 च्या खाली गेली की तिथून कापणं) आणि किमान लांबी 36 (त्याहून आखूड रीड टाकून देणं) असं लिहिलं होतं. का लिहिलं होतं? कारण मॅन्युअलमधल्या उदाहरणात तेच आहे आणि मी तेच वापरलं असणार, असं मला वाटलं होतं. ‘असणार’ या शब्दावर माझा हात थबकला. खात्री करायला गेलो, तर कमांड कुठेच नाही. स्क्रिप्ट होती, पण ती नंतरची, नीटनेटकी केलेली. प्रत्यक्ष फाइली बनल्या त्या त्याच्या आधी, टर्मिनलवर हाताने कमांड ठोकत असताना. बॅशच्या, म्हणजे टर्मिनलवर कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हिस्टरीत शोधलं. बॅश मुळात शेवटच्या 500 ओळीच सांभाळतो, आणि दोन टर्मिनल उघडी असतील तर, वेगळी सोय करून ठेवली नसेल तर, जे शेवटी बंद होतं ते आधीच्याची नोंद पुसून आपली लिहितं. माझी चार उघडी असायची.

मग उलटा तपास सुरू झाला. ट्रिम झालेल्या फाइलीत किती रीड्स आहेत हे मोजता येतं: एका रीडच्या चार ओळी, म्हणून ओळी भागिले चार. ट्रिमोमॅटिकला तीच फाइल, तेच निकष दिले की दर वेळी तेच उत्तर येतं, एवढाच आधार. मग 4:15, 4:20, 4:25 आणि किमान लांबी 36 किंवा 50, अशा सहा जोड्या चालवल्या. एकही आकडा जुळेना. दुसऱ्या दिवशी अडॅप्टर (रीडला चिकटून येणारे कृत्रिम तुकडे) कापायचे निकष बदलून पुन्हा सहा. तरी नाही. तिसऱ्या दिवशी, वैतागून, जुन्या फाइलीतल्या सर्वांत आखूड रीडची लांबी पाहिली. 11. किमान लांबी 36 लावलेल्या फाइलीत 11 लांबीचं रीड आलं कुठून?

उत्तर असं होतं की ट्रिमोमॅटिक पायऱ्या तुम्ही कमांडमध्ये ज्या क्रमाने लिहिता त्याच क्रमाने करतो. मी लांबीची अट आधी लिहिली होती आणि स्लायडिंग विंडो नंतर. म्हणजे चाळणी आधी लावली आणि कापाकापी नंतर केली. कापून उरलेले तुकडे तपासायला कोणीच नव्हतं. विंडोही 4:15 नव्हतीच, 4:20 होती. तीन दिवस गेले ते एका ओळीसाठी. पुढे सगळं नव्याने चालवलं, निष्कर्ष फारसे बदलले नाहीत, लेख मार्गी लागला. पण मसुद्यात मी जे लिहिलं होतं ते खोटं होतं, आणि रिव्ह्यूअरने विचारलं नसतं तर ते तसंच छापलं गेलं असतं, ही बोच गेली नाही.

हेच काम मी गॅलॅक्सीवर केलं असतं तर? उजवीकडच्या हिस्टरीत, म्हणजे केलेल्या कामांच्या यादीत, प्रत्येक पायरीचा वेगळा डब्बा असतो. त्यातलं ‘आय’ चिन्ह दाबलं की कोणतं साधन, त्याची कोणती आवृत्ती, कोणत्या फाइलीवर आणि कोणत्या निकषांनी चाललं, ते सगळं समोर येतं. मी हात न लावलेले मूळ निकषही त्यात असतात, आणि लांबीची अट पहिली होती हेही दिसलं असतं. साधनाने चालताना जे काही बडबडून ठेवलं तेही तिथेच सापडतं. शेजारच्या गोल बाणावर टिचकी मारली की तोच फॉर्म भरलेल्या अवस्थेत उघडतो. 20 चे 15 करा आणि पुन्हा चालवा. जुना डब्बा जागेवरच राहतो, नवा त्याच्यावर येऊन बसतो.

यावर जाणकार म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील, की हे काम स्नेकमेक किंवा नेक्स्टफ्लो (पायऱ्या फाइलीत लिहून आपोआप चालवणारी साधनं) हेही करतात, आणि अधिक चोख करतात. सोबत साधनांच्या आवृत्त्या बांधून ठेवणारं कोंडाचं एन्व्हायर्नमेंट आणि बदलांची नोंद ठेवणारं गिट असलं की कोणाची गरज नाही. मला हे मान्य आहे. शंभर नमुने, ठरलेली पद्धत, पुन्हा पुन्हा तेच, असं काम असेल तर मीही आज स्नेकमेककडेच वळेन. अडचण ठरलेल्या कामात नाही, काम ठरायच्या आधी आहे. जेव्हा मी नुसता चाचपडत असतो, हा निकष बघू, तो बघू, तेव्हा ‘हे लिहून ठेवण्यासारखं आहे’ असं मला वाटतच नाही. आणि नेमकी त्याच वेळी बनलेली एखादी फाइल पुढे लेखात जाऊन बसते. आपल्या मशीनवर नोंद ठेवायची की नाही ते मी ठरवतो. गॅलॅक्सीवर मला विचारलंच जात नाही. माझ्यासारख्या आळशी माणसाला ते सोयीचं पडतं. तुमची शिस्त माझ्यापेक्षा बरी असेल, तर हा सगळा परिच्छेद तुम्हाला लागू नाही.

चाचपडून झालं की त्याच हिस्टरीतून वर्कफ्लो काढता येतो. नको ते प्रयोग वगळायचे, राहिलेल्या पायऱ्या जोडून पुढच्या नमुन्यांवर लावायच्या. हिस्टरी दुसऱ्याला दुव्याने देताही येते, त्यामुळे मार्गदर्शकांना ‘स्क्रीनशॉट पाठवतो’ म्हणायची वेळ येत नाही.

जागेचा प्रश्न मात्र गंभीर आहे, आणि इथे आपलं मशीन सरळ पुढे आहे. मोठ्या सार्वजनिक सर्व्हरांवर नोंदणी केलेल्याला साधारण 250 जीबी मिळतात. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण प्रत्येक पायरी नवी फाइल जन्माला घालते: मूळ फास्टक्यू, ट्रिम केलेलं, बॅम, डुप्लिकेट काढलेलं बॅम. 20 जीबीचा डेटा पाहता पाहता 80 वर जातो. त्यात नवख्याला हमखास नडणारी एक गंमत आहे. फाइल डिलीट केली तरी ती कायमची पुसेपर्यंत तुमच्या जागेत मोजली जाते. म्हणजे कचरा टोपलीत टाकलाय, पण टोपली घरातच आहे. दुसरं खातं काढून जागा वाढवण्याचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. एका माणसाला एकच खातं असा नियम आहे.

आणि ही जागा कायमच्या साठवणुकीची नव्हेच. मूळ फाइलींची एकुलती एक प्रत तिथे ठेवणारा माणूस मी पाहिलाय. त्याला काही झालं नाही, हे त्याचं नशीब. माझी रीत अशी: मूळ फाइली दोन वेगळ्या डिस्कवर, प्रत्येकीचा एमडी5 (फाइल बदलली नाही ना हे ताडून पाहायचा आकडा) शेजारच्या मजकूर फाइलीत, गॅलॅक्सीवर जाते ती कामाची प्रत. लेख झाला की कच्चा डेटा ईएनएसारख्या संग्रहात, आणि तक्ते, वर्कफ्लो वगैरे झेनोडोवर. झेनोडो सर्न चालवतं, एका नोंदीत 50 जीबीपर्यंत ठेवू देतं आणि डीओआय (संदर्भासाठी कायमचा ओळखक्रमांक) देतं. साठवण एकीकडे आणि प्रक्रिया दुसरीकडे, हे मला उशिरा कळलं. आपल्या मशीनवर दोन्ही एकाच फोल्डरात नांदतात, म्हणून तर मी इतकी वर्षं त्यांना एकच समजत होतो.

नावांबद्दल थोडं. गॅलॅक्सी फाइलीला ‘ट्रिमोमॅटिक ऑन डेटा 37’ असलं नाव देते. चार नमुन्यांपर्यंत चालून जातं. चाळीस झाले की डोकं फिरतं. यावर औषध आहे: नमुने सुरुवातीलाच कलेक्शनमध्ये, म्हणजे एका गठ्ठ्यात, बांधायचे, आणि हॅशने सुरू होणारा टॅग लावायचा. तो टॅग पुढच्या प्रत्येक फाइलीवर आपोआप उतरत जातो. हे पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर माझा एक आठवडा वाचला असता, म्हणून तुम्हाला सांगतोय.

काही जणांनी मात्र सार्वजनिक सर्व्हरचा विचारही करू नये. माणसांचा, विशेषतः रुग्णांचा डेटा असेल आणि संमतीपत्रात तो बाहेर नेण्याची परवानगी नसेल, तर प्रश्न आवडीनिवडीचा उरत नाही. फाइली आतच राहायला हव्यात. अशा वेळी गॅलॅक्सी स्वतःच्या संस्थेच्या सर्व्हरवर बसवता येते, ती मुक्त स्रोत आहे. पण मग तिची देखभाल करणारं कोणीतरी लागतं, आणि ते ‘कोणीतरी’ बहुधा तुम्हीच ठरता. तसंच तुमचं साधन अगदी नवं किंवा घरीच लिहिलेलं असेल, तर ते सार्वजनिक गॅलॅक्सीच्या यादीत असण्याची शक्यता कमी. तिथे लिनक्सच बरं.

उरलेल्यांना, म्हणजे ज्यांचा डेटा उघड करण्याजोगा आहे, नमुने डझन-दोन डझन आहेत, साधनं सर्वमान्य आहेत आणि पद्धत अजून ठरायची आहे, त्यांना मी पहिले सहा महिने गॅलॅक्सीवर काढा असं म्हणेन. अर्थात माझ्या अनुभवावरून. तुमची रांग माझ्यापेक्षा लांब असू शकते.

जाल तेव्हा दोन गोष्टी करा. पहिली म्हणजे खातं काढूनच काम सुरू करा. बिननोंदणीचं काम त्या ब्राउझरपुरतंच असतं, सत्र गेलं की तेही गेलं. दुसरी म्हणजे हिस्टरीला पहिल्याच मिनिटाला नाव द्या. माझ्या खात्यात ‘अननेम्ड हिस्टरी’ नावाच्या अकरा हिस्टऱ्या अजून पडून आहेत. प्रत्येकीत कोणत्या आवृत्तीने, कोणत्या निकषांनी काय केलं ते सगळं व्यवस्थित लिहिलेलं आहे. मी ते कशासाठी केलं होतं, तेवढं कुठे सापडत नाही.