फोटोतला व्हायरस आणि अठराशे रुपये

आमच्या नानांना एकाच आठवड्यात दोघांनी फसवलं. पहिल्याने खात्यातले पैसे नेले. तो कुठे बसला होता, देव जाणे. दुसरा तालुक्याच्या गावी काउंटरमागे बसला होता. पहिल्यासारख्यांच्या बातम्या पेपरात रोज येतात, म्हणून मला दुसऱ्याबद्दल जास्त सांगायचंय.

पारोळ्याकडे आमचं गाव. कापूस मोजून दिला होता, पैसे नुकतेच जमा झाले होते. नानांची मोटरसायकल धुळ्याच्या हायवेवर कायम. त्यांना ओळखीच्या जिनिंगवाल्याच्या नंबरवरून व्हॉट्सॲपला फाइल आली: गाडीचं चलान, फोटो पाहा. नावात ‘फोटो’ होतं, फोटोच्या फाइलला असतं ते ‘जेपीजी’ही होतं, पण अगदी शेवटी ‘एपीके’. म्हणजे ते अँड्रॉइडचं ॲप. त्याने मेसेज वाचायची परवानगी घेतली, मग एक रुपया भरायला म्हणून कार्डाचे आकडे आणि पिन. सकाळी ४२,००० गेलेले. ओटीपी परस्पर चोराकडे जात होते. “मी ते फोटूच दखा ना भाऊ,” नाना अजून म्हणतात.

नाना बँकेऐवजी मोबाईलच्या दुकानात गेले. खेड्यात असंच होतं. फोनचं दुखणं म्हणजे मोबाईलवाला. त्याने फोन हातात घेऊन लगेच निदान केलं: गुड मॉर्निंगच्या फोटोंतून व्हायरस शिरलाय, फॉर्मॅट मारावा लागेल, भारीतला अँटीव्हायरस टाकावा लागेल. फोन सिमसकट, नेट चालू, संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे पडून होता. त्या वेळात आणखी २२,००० गेले. मग त्याने फोन पुसला. चलानची फाइल, मेसेज, चॅट, सगळं साफ. या सगळ्याचे अठराशे रुपये घेतले. अँटीव्हायरस निघाला प्ले स्टोअरवर फुकट मिळणारा.

फोटोतून व्हायरस येतच नाही, असं मी म्हणणार नाही. २००४ मध्ये विंडोजच्या जेपीजी उघडणाऱ्या भागात खोट सापडली होती. मुद्दाम बिघडवलेला फोटो उघडला की आतला कोड चालू शकायचा. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी या प्रकारच्या फोटोंबाबत तसंच झालं आणि क्रोमसकट बऱ्याच ॲपना घाईने अपडेट काढावे लागले. पण ही खोट असते फोटो उघडणाऱ्या ॲपमध्ये, आणि ती अपडेटने बुजते. फोटोच्या आत कोड लपवताही येतो, मात्र तो आपोआप चालत नाही. त्याला बाहेर काढणारं दुसरं काहीतरी फोनमध्ये आधीच लागतं. असली महागडी हत्यारं कापसाच्या पैशांसाठी कोण काढतो? इथे नुसत्या नावाने काम भागतं. २००१ मध्ये टेनिसपटू ॲना कुर्निकोव्हाच्या फोटोच्या नावाने जगभर ईमेल फिरले होते. तिथेही जेपीजीच्या पुढे ‘व्हीबीएस’ होतं, म्हणजे तो फोटो नव्हे, प्रोग्रॅम, आणि विंडोज ते शेवटचं शेपूट सहसा लपवतं.

दुकानदाराला हे ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही. ‘फोटोतून आला’ म्हटलं की गिऱ्हाईक पुढे काही विचारत नाही.

सायबर पोलिसांनी पहिल्यांदा फाइलच मागितली. नशिबाने जिनिंगवाल्याचाही फोन तसाच लुबाडला गेला होता आणि तीच फाइल त्याच्या नंबरवरून गावात बऱ्याच जणांना गेली होती. एकाने उघडलीच नव्हती, त्याच्याकडून मिळाली. बँकेत वेगळाच पेच. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार पिन-ओटीपी ग्राहकाकडूनच गेला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. नानांनी सकाळीच कळवलं असतं, तर ते २२,००० बँकेच्या अंगावर पडले असते.

तेव्हा असं झालं तर फोनचं नेट बंद करा, सिम काढा आणि दुसऱ्याच्या फोनवरून १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) आणि बँक. तक्रार नोंदवून, फाइल दाखवून होईपर्यंत कुणालाही फॉर्मॅट मारू देऊ नका. चलान खरं आहे का, ते महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या साइटवर गाडीची माहिती टाकून दिसतं. त्याला कुठलीही फाइल लागत नाही.

नाना आता देवांचे फोटो न बघताच डिलीट करतात, लिंकवर मात्र बिनधास्त बोट ठेवतात. चोरीतले थोडे पैसे पुढे ज्या खात्यात गेले, तिथेच अडवलेत म्हणे. दुकानदाराकडे अठराशेचं बिल मागितलंय. ‘देतो, देतो’ चाललंय.