‘बेलोना’ जहाजाच्या मॉडेलचा प्लॅन, आठ महिन्यांनंतर: कात्री लावण्याआधी लांबी मोजा

गेल्या महिन्यात डेकचा साचा मधल्या फ्रेमवर (जहाजाच्या बरगडीवर) ठेवला, तर दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बाहेर. तोवर सोळा फ्रेम कापून झाल्या होत्या. चांगलं प्लाय होतं, फार जीवावर आलं.

मी ‘बेलोना’चं मॉडेल बांधतोय, जहाजरचनाकार थॉमस स्लेडची १७६० सालची, ७४ तोफांची ब्रिटिश युद्धनौका, १:४८ मध्ये (खऱ्या जहाजाच्या ४८ पट लहान). ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयातल्या मूळ आराखड्याचा स्कॅन घेतला आणि इथेच प्लॉटरवर ₹७०० देऊन छापला. स्कॅनबद्दल तक्रार नाही. मोठा करून पाहिला की कंपासचं टोक रुतल्याच्या खुणासुद्धा दिसतात. फक्त रंगीतच छापा. काळ्या-पांढऱ्यात डेकच्या रेषा आणि नंतरच्या दुरुस्त्या एकमेकांत मिसळतात.

खरी डोकेदुखी मापाची. गनडेक (तोफांचा मजला) १६८ फूट लांब, म्हणजे १:४८ ला बरोबर ४२ इंच. माझ्या कागदावर भरले ४१ इंच ५ सूत. तीन सूत कमी म्हणजे खऱ्या जहाजावर दीड फूट! तडक छपाईच्या दुकानात गेलो, वाद घातला, पैसे परत मागितले. दुकानदाराने काही न बोलता त्याच मशीनवर बारा इंचाची एक रेघ आडवी, एक उभी छापली आणि पट्टी माझ्या हातात दिली. दोन्ही बरोबर.

म्हणजे मशीन ठीक होतं, अडीचशे वर्षांत मूळ कागदच आखडला होता, तोही लांबीकडे जास्त. मग कोडं सुटलं. बॉडी प्लॅनमधली (जहाजाचे समोरून दिसणारे आडवे छेद) रुंदी कागदाच्या लांबीच्या दिशेने असते, हाफ-ब्रेड्थमधली (वरून दिसणारं अर्धं जहाज) उभ्या दिशेने. फ्रेम मी बॉडी प्लॅनवरून कापल्या होत्या, डेकचा साचा हाफ-ब्रेड्थवरून. दोघं जुळणार कसे? दुकानदाराची माफी मागितली.

फक्त लांबी १००.९ टक्के करून पुन्हा छापलं, पुन्हा ₹७०० गेले. स्कॅन आल्याच्या दिवशीच पडद्यावर दोन्ही रुंद्या मोजून ताडल्या असत्या तर हे पैसे आणि सोळा फ्रेम दोन्ही वाचले असते. आणखी एक, आराखड्यातल्या रेषा फ्रेमच्या बाहेरच्या कडेपर्यंतच असतात. फळ्यांची जाडी त्यावर वेगळी धरायची, आतून वजा करायची नाही.

नव्या चार फ्रेम झाल्यात. साचा बसतोय.