निकोटीन गम आणि पॅच काही महिने वापरून: गमने किती काम केलं आणि डोक्याने किती

सिगारेट सोडायला मी पॅच (त्वचेवर चिकटवायची निकोटीनची पट्टी) आणि गम दोन्ही वापरले. पॅच कधीच संपले, गमही बंद होऊन बराच काळ झाला आणि मधे सिगारेट नाही, म्हणून आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या अनुभवांवर माझा फारसा भरवसा नाही, तेव्हा माणूस एकतर भलत्याच उत्साहात असतो नाहीतर भलत्याच त्रासात, खरं काय ते नंतरच कळतं.

निकाल आधीच सांगतो. दोन्ही गोष्टी कामाच्या आहेत, घ्याव्यात. पण हाच गम, याच ताकदीचा, मी मागच्या वेळीही वापरला होता आणि तेव्हा एकेक दिवस अंगावर यायचा. या वेळी त्रास झाला नाही असं नाही, पण झेपला. शरीर तेच, आधीच्या सिगारेटीही साधारण तेवढ्याच, बदललं ते एवढंच की मी त्या सगळ्याकडे कसं बघत होतो. आणि हे 'इच्छाशक्ती ठेवा, सगळं होतं' टाइप बोलणं नाहीये, उलट त्या सल्ल्याचा मला राग येतो, का ते पुढे येईलच.

आधी गमबद्दल, कारण अर्धे लोक इथेच नाराज होतात. झुरका घेतला की निकोटीन १०-२० सेकंदांत मेंदूत पोचतं. गममधलं तोंडाच्या आतून हळूहळू रक्तात जातं, त्याला २०-३० मिनिटं लागतात. म्हणजे ती किक मिळणारच नाही, गम त्यासाठी बनवलेलाच नाही, तो फक्त शरीराची मागणी जरा शांत करतो. आता सिगारेटची मजा मिळेल म्हणून ज्याने तो तोंडात टाकला तो पाचव्या मिनिटाला वैतागणार, आणि ज्याला माहितीये की हा फक्त धार बोथट करणार आहे त्याला तोच गम बरा वाटणार. अपेक्षेचा खेळ इथूनच सुरू होतो बघा.

वापरायची पद्धत पण वेगळी आहे. नेहमीच्या च्युइंगगमसारखा चघळत बसायचा नाही. हळू चावायचा, तिखटसर चव किंवा झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायचा, चव गेली की परत चावायचा, असं साधारण अर्धा तास. भराभर चावलं की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं आणि मग उचक्या, मळमळ, छातीत जळजळ, आणि माणूस म्हणतो मला गम सूट होत नाही. कॉफी, ज्यूस, कोल्ड्रिंक हे गमच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना नको, आम्लामुळे निकोटीन नीट शोषलं जात नाही.

पॅचबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सकाळी लावा, कामाला लागा. रोज जागा बदला नाहीतर त्वचा लाल होते. २४ तासवाला रात्रभर ठेवला तर अगदी खरी वाटणारी स्वप्नं पडतात, मला पडायची, मग मी झोपताना काढायला लागलो. पॅच दिवसभराचं बघतो आणि गम अचानक आलेल्या तलफेचं, दोन्ही एकत्र वापरले की एकट्यापेक्षा यश जास्त मिळतं हे अभ्यासांतही दिसलंय.

आता मुख्य गोष्ट. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो विमानातल्या लोकांवरच्या एका अभ्यासाचा. तेल अवीव विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रूवेन डार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तो प्रसिद्ध केला. सिगारेट ओढणारे केबिन क्रू घेतले आणि त्यांना छोट्या आणि लांबच्या अशा दोन्ही फ्लाइट्समध्ये मधूनमधून विचारलं की आत्ता तलफ किती आहे. तलफ जर फक्त रक्तातल्या निकोटीनवर ठरत असती तर शेवटच्या सिगारेटनंतर सारखेच तास झाल्यावर ती सारखीच असायला हवी ना? तशी नव्हती. छोटी फ्लाइट उतरायला आली की तलफ चढायची, आणि लांबच्या फ्लाइटमध्ये तेवढेच तास झालेले असताना ती कितीतरी कमी असायची, कारण अजून बरेच तास उतरायचं नाही हे माहीत होतं. ती चढायची पण तिथलं लँडिंग जवळ आल्यावर. याच गटाने आधी, २००५ मध्ये, शब्बाथ, म्हणजे आठवड्यातला विश्रांतीचा दिवस, पाळणाऱ्या धार्मिक ज्यूंवर काम केलं होतं. शब्बाथच्या दिवशी आग पेटवायचीच नाही त्यामुळे सिगारेटचा प्रश्नच नाही, आणि त्या सकाळी त्यांना तलफ नेहमीच्या दिवसापेक्षा कमी जाणवत होती.

हे वाचल्यावर मी मागच्या वेळचा प्रयत्न आठवून बघितला. तेव्हा डोक्यात सतत होतं की 'बघू किती दिवस जमतंय', म्हणजे मी कायम छोट्या फ्लाइटमध्ये होतो, कधीतरी उतरणारच होतो, आणि म्हणून प्रत्येक तासाला डोक्यात वाटाघाटी, आज दिवस वाईट गेला तर एक चालेल का, शनिवारी एक चालेल का, समोरच्याने दिली तर ती मोजायची का. त्रास निकोटीनचा कमी आणि या वाटाघाटींचा जास्त होता. या वेळी तो विषयच ठेवला नाही. कडक शपथ वगैरे घेतली नाही हां, फक्त एवढं ठरवलं की 'ओढू का' हा प्रश्न आता रोज नव्याने सोडवायचा नाही, त्याचं उत्तर देऊन झालंय. तलफ आली तर आली, तिच्याशी बोलणी नाहीत. पहिले काही दिवस सोडले तर ती मागच्या वेळेइतकी चढलीच नाही आणि हा फरक मला स्पष्ट जाणवला.

इथे लोक गल्लत करतात, म्हणजे त्यांना वाटतं की हे विचार दाबण्याबद्दल आहे. नाही. दाबलं की उलटं होतं. २०१० मध्येच आलेल्या एका प्रयोगात काही जणांना आठवडाभर सिगारेटचा विचार दाबायला सांगितलं होतं, त्या आठवड्यात त्यांनी सिगारेटी कमी ओढल्या पण पुढच्या आठवड्यात बाकीच्यांपेक्षा जास्त. म्हणून ती 'इच्छाशक्ती' माझ्या डोक्यात जाते, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की दात-ओठ खाऊन विचार मागे ढकलत राहायचंय, आणि दमला की तो म्हणतो माझ्यातच दम नाही. व्यसनांवर आयुष्यभर काम केलेले अॅलन मार्लट वेगळंच सांगायचे, तलफ लाटेसारखी असते, चढते, टोकाला जाते आणि आपोआप उतरते, तिला अडवायचं नाही आणि तिच्या मागेही जायचं नाही, तिच्यावर तरंगायचं. मी अक्षरशः तेच करायचो, कुठे जाणवतंय ते बघायचो, घशात का छातीत का हातात, आणि काही मिनिटांत ती जायची. नंतर परत यायची, हो, पण ही पण जाणारच हे एकदा माहीत झालं की घाबरायला होत नाही, आणि माझा निम्मा त्रास त्या घाबरण्याचाच होता.

दुसरी गोष्ट म्हणजे आपण काहीतरी गमावतोय ही भावना. जोपर्यंत मला वाटत होतं की सिगारेट माझं टेन्शन घालवते तोपर्यंत सोडणं म्हणजे शिक्षाच होती. पण जरा गणित बघा. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्मं होतं, ते उतरायला लागलं की अस्वस्थ वाटतं, सिगारेट ओढली की ती अस्वस्थता जाते, आणि आपण म्हणतो वा, टेन्शन गेलं. जे गेलं त्यातलं बरंचसं आधीच्या सिगारेटनेच आणलेलं असतं. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात सोडणाऱ्यांची चिंता, नैराश्य, ताण हे सगळं ओढत राहणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेलं दिसलं. हे मला नुसतं पटून उपयोग नव्हता, रोज खरं ठरताना बघावं लागलं. साधारण महिन्यानंतर एका वाईट दिवशी माझ्या लक्षात आलं की मी वैतागलोय पण सिगारेटची आठवणही आली नाही, आणि वैताग आधीपेक्षा लवकर उतरला.

तिसरं, शरीराच्या त्रासाचा अर्थ आपण काय लावतो. चिडचिड, झोप मोडणं, लक्ष न लागणं, भूक वाढणं, पोट साफ न होणं, हे सगळं होतं, काही तासांतच सुरू होतं, पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक ओसरतं. मागच्या वेळी प्रत्येक लक्षणाचा अर्थ मी असा लावायचो की बघ, तुझं सिगारेटशिवाय चालत नाही. या वेळी अर्थ असा की मेंदू निकोटीनशिवायच्या कामाला परत जुळवून घेतोय आणि याला शेवट आहे. त्रास तेवढाच असेल कदाचित, पण पहिल्या अर्थाने तो सिगारेटकडे ढकलतो आणि दुसऱ्या अर्थाने नाही. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मधेच सांगतो, सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफीन लवकर बाहेर टाकतं, सिगारेट बंद झाली की तेवढ्याच चहा-कॉफीने रक्तात कॅफीन जास्त साठतं. छाती धडधडणं, हात थरथरणं, रात्री झोप न लागणं यातलं काही निकोटीनचं नसून कॅफीनचं असू शकतं. मी कप निम्मे केले आणि दोन दिवसांत फरक पडला.

हळूहळू कमी करत सोडावी की एकदम, यावर भांडणं होतात. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या ६९७ जणांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात ठरलेल्या दिवशी एकदम थांबणाऱ्यांपैकी ४९ टक्के चार आठवड्यांनंतर सिगारेटशिवाय होते आणि आधी दोन आठवडे कमी करत जाणाऱ्यांपैकी ३९ टक्के, सहा महिन्यांनी २२ आणि साडेपंधरा. माझं मत असं की कमी करताना उरलेली प्रत्येक सिगारेट जास्त किमती होत जाते, दिवसभर तिचीच वाट बघितली जाते. ज्याला हळूहळू जमलं त्याने बिनधास्त तसं करावं, पण मला एकदम सोडणं सोपं गेलं.

आता यातला अवघड भाग. 'एकसुद्धा नाही' असं पक्कं ठरवलेल्या माणसाकडून एक ओढली गेली तर? मार्लट यांनी नेमकं हेच दाखवलं होतं की घसरण्यापेक्षा घसरल्यानंतरचा विचार जास्त नुकसान करतो, 'गेलं सगळं, मी आहेच असा' म्हटलं की पाकीट संपतं. माझ्याबरोबर सोडणाऱ्या एका मित्राने दीड महिन्यानंतर एका लग्नात ओढली आणि रात्री फोन करून म्हणाला, झालं रे, परत शून्यावर आलो. मी म्हटलं अरे शून्यावर कसा, दीड महिन्यात मेंदूने जे शिकलंय ते एका सिगारेटने पुसलं जात नाही, उद्या सकाळी नेहमीसारखा पॅच लाव. त्याने लावला. म्हणजे ओढण्याआधी अजिबात सूट नाही आणि ओढली गेलीच तर अजिबात शिक्षा नाही, दोन्ही एकाच डोक्यात ठेवायचं, ऐकायला उलटसुलट वाटतं पण चालतं तसंच.

मात्र हे सगळं वाचून कुणी 'म्हणजे सगळं मनावर आहे' असं म्हणू नका, कळकळीने सांगतोय. निकोटीनचं व्यसन मेंदूत असतं, खरं असतं. २००७ मध्ये एक अभ्यास आला होता, मेंदूतल्या इन्सुला नावाच्या भागाला इजा झालेल्या काही जणांची सिगारेटची ओढच गेली होती, सहज सुटली, इतकं ते शरीरात रुतलेलं आहे. कुठल्याही मदतीशिवाय सोडायचा प्रयत्न करणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे १०० पैकी ३ ते ५ असतात, आणि गम-पॅच सारख्या गोष्टींनी ती शक्यता साधारण दीडपट होते. त्यामुळे मन खंबीर आहे म्हणून गम नको, हा हट्ट करू नये. आणि 'एकदम सोपं असतं रे' असंही कुणाला सांगू नये, तिसऱ्या दिवशी त्याला जड गेलं की त्याला वाटतं दोष आपल्यातच आहे. त्रास होणार, काही दिवस होणार, आणि तो संपणार, एवढं सांगितलं तर माणूस तयारीत राहतो.

गम बंद करणं मला वाटलं त्यापेक्षा सोपं गेलं. पाकिटावर १२ आठवड्यांचं वेळापत्रक असतं, सुरुवातीला दर एक-दोन तासांनी एक, मग दोन-चार तासांनी, मग चार-आठ तासांनी. काही जणांना गम जास्त दिवस लागतो, लागू दे, त्यात धूर नाही, टार नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही, परत सिगारेटवर जाण्यापेक्षा ते कधीही बरं.

डोस घेताना एवढं बघा: उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा गम, नाहीतर २ चा. पॅच दिवसाला १० पेक्षा जास्त सिगारेटी ओढणाऱ्यांना २१ मिलिग्रॅमपासून सुरू होतो, मग १४, मग ७. गरोदर असाल, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, किंवा नैराश्यासाठी अथवा दुसऱ्या कशासाठी गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण धूर बंद झाल्यावर काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि डोस कमी करावा लागतो.